दीड महिन्याचं खुराडं

पाय मोडल्यापासून रुबीनाला दुखण्याचा जेवढा त्रास होत होता, त्याहून जास्त बसून राहण्याचा होत होता.

निघोजेच्या वळणावर मुबीनची मोटरसायकल खडीवरून घसरली. मुबीनला नुसतं खरचटलं, आणि मागं बसलेल्या रुबीनाचं नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. रुबीना चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. समोरच्या बोर्डावर गाडीच्या वायरी लावायच्या, टेप गुंडाळायची, गुच्छ पुढं सरकवायचा, की पुढचा बोर्ड आलाच. शिफ्टभर हात थांबायचे नाहीत. आता तेच हात कॉटवर रिकामे पडले होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं. ती उशीच्या अभ्र्याची शिवण उसवायची, पुन्हा घालायची. लसूण सोलून झाला की उद्याचाही सोलून ठेवायची. ठेकेदाराला फोन केला की तो म्हणायचा, "जागा ठेवतो ताई, पण जास्त दिवस झाले तर बघावं लागेल." फोन ठेवला की ते 'बघावं लागेल' दिवसभर कानात घुमत राहायचं.

खोली एकच होती. कोपऱ्यात ओटा, पडद्याआड मोरी. सावळाराम आणि गवराबाई या जोडप्यानं आपल्या पूर्वीच्या वावरात भाड्याच्या खोल्यांची एक रांग काढली होती, त्यातली ही शेवटची. शेवटची असल्यामुळे तिला मागं दार होतं, आणि दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत थोडं मोकळं परस. भिंतीपलीकडं एक कंपनी होती. तिथली गाडी मागं येताना जो पीं-पीं आवाज करायची, तो सकाळी सुरू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत चालायचा.

सासू मदतीला येणार हे ठरलं होतं. मुबीन तिला चाकणच्या स्टँडवरून घेऊन आला. ताजुन्निसा दारातून आत आली ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फडक्यानं तोंड बांधलेलं डालगं घेऊन. तिनं डालगं खाली ठेवलं तसा आतून कुरकुरल्याचा आवाज आला.

"अम्मी, यात काय आहे?" रुबीनानं विचारलं.

"कोंबड्या," ताजुन्निसा म्हणाली. कांदे आणलेत म्हणावं तसं.

"दीड महिन्यासाठी?"

"मग? तिथं कोण बघणार त्यांच्याकडं?"

मंचरच्या पलीकडं गावात थोरला दीर इम्तियाज होता, त्याची बायको होती, मुलं होती. नुकतंच नवं घर बांधलं होतं. एवढ्या माणसांत तीन कोंबड्यांपुढं मूठभर दाणे टाकायला कुणी नाही? रुबीनाच्या मनात आलं, पण तेवढ्यात प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि ती विणायच्या सुईसाठी उशीखाली चाचपायला लागली.

या मुलाण्यांच्या घरात दखनी आणि मराठी अशा मिसळल्या होत्या की वाक्य कुठल्या भाषेत सुरू होऊन कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसे. ताजुन्निसा मात्र सगळा जन्म गावच्या बायकांत गेल्यामुळे घरातही गावाकडच्या मराठीतच बोलायची. बोलायची आणि फिरायची. बसणं तिला ठाऊकच नव्हतं. घासलेली भांडी पुन्हा घासायची, झाडलेलं पुन्हा झाडायची, कंपनीचा भोंगा झाला की दारात जाऊन शिफ्टला निघालेल्या बायका बघत उभी राहायची. रुबीना कॉटवरून तिच्याकडं बघायची आणि तिला आणखीनच अस्वस्थ व्हायचं. बघणाऱ्याचाही जीव दमावा असं ते चालणं होतं.

कोंबड्या मोरीत राहिल्या. एक काबरी, एक तांबडी आणि एक उलट्या पिसांची. सकाळी मुबीन आंघोळीला गेला की आतून पंखांची फडफड आणि त्याचं ओरडणं ऐकू यायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी गवराबाई भाडेकरूंच्या टाकीचं पाणी बघायला आली आणि मोरीत डोकावून हसायला लागली.

"अगं, परसात बांधा की एक खुराडं. माझी ना न्हाई. फक्त वास नको यायला, न्हाईतर बाकीची भाडेकरू बोंबलतील. आन् मुंगूस हाय बरं का. भिंतीखालून येतंय. त्यानंच माझ्या समद्या कोंबड्या संपवल्या, म्हणून तर सोडून दिलं मी पाळायचं."

"रविवारी करतो," मुबीन म्हणाला. पण रविवारी तो काम करायचा त्या चिखलीच्या गॅरेजमध्ये गाड्यांची गर्दी होती, आणि तो सकाळीच निघून गेला. त्याची मोटरसायकल वळणाआड होते न होते तोच ताजुन्निसानं पदर खोचला आणि ती सावळारामच्या टेम्पोकडं गेली. सावळाराम कंपन्यांतून मालाखालची मोडकी लाकडी पॅलेटं उचलायचा. येताना तिच्या डोक्यावर दोन पॅलेटं होती आणि हातात मागून आणलेली करवत.

तिनं रुबीनाची कॉट मागच्या दाराशी ओढली. "तू नुसती बघ," ती म्हणाली.

नुसतं बघणं रुबीनाला जमणारं नव्हतं. सासूनं पॅलेट पायाखाली दाबून करवत चालवली तेव्हाच तिला दिसलं, की काप तिरका चाललाय.

"अम्मी, आधी रेघ मारा. खोक्याचा पुठ्ठा लावा त्यावर, सरळ येईल."

"मला नको शिकवू. कोंबड्यांत जन्म गेलाय माझा."

"कोंबड्यांत गेला, सुतारकामात नाही गेला."

ताजुन्निसा थांबली. तिनं वर बघितलं. रुबीनाला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. पण सासूनं पुठ्ठा उचलला, लाकडावर धरला आणि म्हणाली, "हं, मार रेघ. कुठनं मारायची?"

मग दोघींचं काम लागलं. रुबीनानं पुठ्ठ्यावर खुराड्याचं चित्र काढलं: तीन कोंबड्या मावतील एवढं, जमिनीपासून थोडं उंच, पुढं जाळीचं दार, आत बसायला एक दांडी. ताजुन्निसा पट्ट्या उकलून आणायची, खिळे उपसायची, दगडावर ठोकून सरळ करायची. जाळी बांधायचं काम रुबीनानं स्वतःकडं घेतलं. चौकट कॉटवर आडवी घ्यायची आणि तारेचे छोटे तुकडे करून जाळी पट्टीला आवळायची. कितीतरी दिवसांनी तिच्या बोटांना त्यांचं काम मिळालं. पीळ देऊन तारेचं टोक आत दडवायचं, म्हणजे हाताला लागत नाही. ताजुन्निसानं त्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"कंपनीत हेच करती?"

"असंच. फक्त तिथं घड्याळ असतं डोक्यावर."

"बरं हाय की मग," ताजुन्निसा म्हणाली. "दिवस जात असंल."

"दिवस जातो," रुबीना म्हणाली. या बाईजवळ आपण सणासुदीपलीकडं कधी बसलोच नव्हतो, हे तिला तेव्हा जाणवलं.

पण पट्ट्या जुळवायची वेळ आली तेव्हा रुबीनाला दिसलं, की सासूनं लांबीच्या पट्ट्या रेघ सोडून चित्रापेक्षा दुप्पट कापल्यात.

"अम्मी, एवढं मोठं कशाला? तीनच तर आहेत."

"आज तीन हायेत," ताजुन्निसा म्हणाली, आणि खिळा तोंडात धरून हातोडी शोधायला गेली.

रुबीना तिच्या पाठीकडं बघत राहिली. आत कुठंतरी काहीतरी टोचलं; काय, ते नीट कळलं नाही. संध्याकाळपर्यंत ती त्याच विचारात राहिली. मुबीनशी दोन वाक्यं नीट बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गवराबाईनं ते टोचणं उघडं करून दाखवलं. ती परसात आली तेव्हा ताजुन्निसा दुकानात गेली होती, आणि भिंतीशी विटांची एक चळत आणि सिमेंटची अर्धी गोणी होती.

"आमच्याकडच्याच हायेत उरलेल्या," गवराबाई म्हणाली. "तुझी सासू म्हणली, खाली पक्कं करून घेते. पावसाळ्यात ओल आली की कोंबड्यांना रोग लागतोय म्हणं. खरं हाय त्येबी."

पावसाळा. बाहेर अजून आंब्याला मोहोर होता. प्लास्टर निघायला महिनासुद्धा उरला नव्हता. रुबीना हातातली तार तशीच धरून बसली. कुणी दीड महिन्यासाठी सुनेकडं येतं तेव्हा आपल्या सगळ्या कोंबड्या घेऊन येत नाही. पावसाळ्याची काळजी करत नाही.

त्या संध्याकाळी मुबीन आला, हातपाय धुऊन चहाला बसला. ताजुन्निसा बादली घेऊन बाहेरच्या नळावर गेली होती. रुबीनानं सरळच विचारलं, "अम्मी परत जाणार आहेत की नाही?"

मुबीननं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं की याला माहीत होतं.

"भाईनं अंगणात फरशी घातलीय," तो म्हणाला. "कोंबड्या घाण करतात म्हणून रोज कुरकुर चालायची. अम्मी एका लग्नाला गेली होती. परत आली तर कोंबड्या नव्हत्या. भाईनं सगळ्या चिकनवाल्याला देऊन टाकल्या. या तीन तेव्हा शेजारच्या उकिरड्यावर होत्या, म्हणून वाचल्या."

"मग?"

"मग काही नाही. अम्मी काहीच बोलली नाही. तुझा पाय मोडल्याचा फोन गेला, आणि तिनं पिशवी भरली."

"म्हणजे माझ्या पायासाठी नाही आल्या त्या."

"तुझ्यासाठीपण आली."

रुबीनाला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याआधी राग आला. इतक्या दिवसांचं बसणं, ठेकेदाराचं बोलणं, प्लास्टरची खाज, सगळं त्या रागात येऊन मिसळलं.

"ही एक खोली आहे, मुबीन. दीड महिना आहे म्हणून मी पडद्याआड कपडे बदलते, कॉटला पडदा लावून झोपते. कायमचं कसं करायचं? मला कुणी विचारलं? तुम्ही मायलेकांनी ठरवलं, आणि मी इथं बसून त्यांना जाळी बांधून देतेय. आज खुराडं पक्कं करा, उद्या बिऱ्हाड पक्कं करा!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की नळाचा आवाज केव्हाच थांबलाय. थोड्या वेळानं ताजुन्निसा बादली घेऊन आत आली.

"पाणी कमी येतंय आज," ती म्हणाली, आणि बादली मोरीत नेऊन ठेवली.

त्यानंतर तिनं खुराड्याला हात लावला नाही. विटा तशाच राहिल्या. जाळीचं दार भिंतीला टेकून उभं राहिलं. ती स्वयंपाक करायची, रुबीनाला वॉकर धरून उठवायची, पाठीला उशी लावायची, सगळं पहिल्यासारखंच. फक्त बोलणं कामापुरतं. आणि फिरणं वाढलं. दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मागच्या दारापर्यंत. रुबीनाला दहादा वाटलं की बोलावं. पण काय बोलणार? बोललेलं खोटं नव्हतं. खरं होतं म्हणूनच तर ते परत घेता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी मुबीन गेल्यावर ताजुन्निसानं डोक्यावर पदर घेतला. "बाजारला जाऊन येते," ती म्हणाली. भाकरी फडक्याखाली झाकलेली होती, पाण्याची बाटली हाताशी होती, वॉकर कॉटला लावून ठेवलेला होता. रुबीना नुसतं "बरं" म्हणाली.

घर शांत झालं. जरा जास्तच शांत. मोरीतून रोज येणारी कुरकुर येत नव्हती. रुबीना वॉकरवर उठली, एका पायावर उड्या घेत मोरीपर्यंत गेली. डालगं नव्हतं. कोंबड्या नव्हत्या.

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. पुढं कितीतरी दिवस तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मग तिला बसवेना. ती कॉटवर आली, पुन्हा उठली, पुढच्या दारात गेली आणि गवराबाईला हाक मारली.

"मावशी, अम्मी काही बोलल्या का जाताना?"

"इकून टाकते म्हणली कोंबड्या," गवराबाई म्हणाली. "म्हणली, कशाला उगं घाण लोकांच्या दारात. मला वाटलं तुमचं ठरलं असंल." तिनं रुबीनाकडं नीट बघितलं. "तू काय बोललीस का तिला?"

रुबीनानं वॉकर उंबऱ्याबाहेर टाकला. "काका आज चाकणला जातात ना? त्यांना थांबवा. मला यायचंय."

"अगं, पाय!"

"पाय टेकवत नाही मी. थांबवा त्यांना."

सावळारामनं फार चौकशी केली नाही. त्यानं तिला टेम्पोत पुढच्या सीटवर चढवलं, वॉकर मागं टाकला आणि प्रत्येक खड्ड्याला स्वतःच "आईगं" म्हणत गाडी चालवली. हायवेला कंटेनरची रांग लागली होती. रुबीना दाराच्या काचेवर बोटं वाजवत होती. गाडी हातभर पुढं जायची आणि थांबायची. कोंबड्या विकायला किती वेळ लागतो? गावरान कोंबडी म्हटल्यावर माणसं तुटून पडतात. डालगं खाली ठेवायचा अवकाश.

बाजारात टेम्पो आत जाईना. सावळारामनं तिला कडेला उतरवलं आणि वॉकर हातात दिला. भाज्यांच्या पथाऱ्या, गुळाच्या ढेपा, चपलांचे ढीग यांच्यामधून ती एका पायावर पुढं सरकत राहिली. प्लास्टर बघून लोक वाट देत होते. कोंबड्या विकणारे एका भिंतीच्या कडेला बसले होते. त्यांच्यापासून जरा बाजूला ताजुन्निसा बसली होती. बसलेली. मांडी घालून, डालगं पुढ्यात घेऊन. रुबीनानं तिला इतकं स्वस्थ कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून तिला बरं वाटलं नाही.

एक मोटरसायकलवाला डालग्याशी वाकला होता. रुबीना थांबली.

"मावशी, ही काबरी कशी दिली?"

"तिला खोड हाय."

"कसली?"

"आपलीच अंडी टोचून खाती."

"मग ती उलट्या पिसांची द्या."

"ती आजारी हाय. मान टाकती रातीची."

"अहो, मग बाजारात कशाला आणल्यात?"

ताजुन्निसानं जरा विचार केला. "बाजार बघितला नव्हता त्यांनी," ती म्हणाली.

तो माणूस हसत गाडीला किक मारून निघून गेला. रुबीना पुढं गेली. ताजुन्निसानं आधी प्लास्टर पाहिलं, मग वर तोंडाकडं पाहिलं.

"कशापायी आलीस? टेकवला असशील पाय!"

"नाही टेकवला." रुबीनानं डालग्यात बघितलं. आत दोनच होत्या. "तांबडी?"

"दिली. एक बाई आली व्हती. अंड्यासाठी पायजे म्हणली. तीन येळा इचारलं, कापणार तर न्हाई ना. न्हाई म्हणली." तिनं डालग्याचं फडकं सारखं केलं. "खोटंबी बोलली असंल."

रुबीनानं इकडंतिकडं बघितलं. बायकाच बायका होत्या, पिशव्याच पिशव्या. कुठल्या पिशवीत तांबडी कोंबडी असेल ते कोण सांगणार?

"अम्मी, घरी चला."

"घरी म्हंजी कुठं?" ताजुन्निसानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. एखाद्यानं एसटी कुठली म्हणून विचारावं तसं विचारलं.

रुबीनानं वॉकरवर भार टाकला. एका पायावर उभं राहून तिच्या मांडीला कळ लागली होती. शेजारच्या कोंबडीवाल्यानं न सांगता आपला प्लास्टिकचा क्रेट उलटा करून तिच्याकडं सरकवला. ती बसली.

"मी बोलले ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "खोली एकच आहे. अडचण होणार. मला होईल, तुम्हालाही होईल. पण हे मी तुमच्या समोर बोलायला पाहिजे होतं. तुम्ही नळावर गेल्यावर नाही."

ताजुन्निसा काबरीच्या पाठीवरून बोट फिरवत होती. "मीबी तोंडावर बोलायला पायजे व्हतं. पाय बघायला आले म्हणाले, आन् बिऱ्हाडच घेऊन आले."

"इम्तियाजभाईंना काहीच बोलला नाहीत तुम्ही?"

"काय बोलू? लोक म्हणले असते, म्हातारी कोंबड्यांसाठी लेकाशी भांडली. कोंबड्यांचं न्हवतंच ते. घर त्याचं, फरशी त्याची. मला इचारलं असतं तर मीच दिल्या असत्या काढून. इचारलंच न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लग्नावरनं आले, डालगी रिकामी. आन् पोरं मला बघून हसली. त्यांना वाटलं, गंमत."

बाजाराचा गलका चालूच होता. रुबीनाला त्या घराचं अंगण दिसलं, नव्या फरशीचं, चकचकीत. आणि त्यात लग्नातली साडी नेसून उभी राहिलेली ही बाई.

"मला मुबीननंही नाही विचारलं," ती म्हणाली. "राग त्याचाच होता अर्धा."

"मग त्याला बोलायचं."

"त्यालाच बोलत होते."

ताजुन्निसाला हसू आलं, पण ते तिनं आवरलं. "तुला कंपनीत जायचंय का परत?"

"जायचंच आहे. मला घरी बसवत नाही अम्मी. वेड लागेल."

"मला तरी कुठं बसवतंय," ताजुन्निसा म्हणाली, आणि उठली. डालग्याचं फडकं बांधलं. जाताना दोघी कोंबड्यांच्या रांगेवरून, भाजीवाल्यांमधून, पिशव्यांकडं बघत बघत हळूहळू चालल्या. तांबडी कुठं दिसली नाही. सावळाराम तिकडून हॉर्न वाजवत होता.

खुराडं दोघींनी पुढच्याच आठवड्यात उभं केलं. खाली विटा बसवल्या, सिमेंट ताजुन्निसानं थापलं. मुंगसासाठी जाळी जमिनीत वीतभर पुरली. पहिल्यांदा बसवलेलं दार चौकटीत अडकलं, तेव्हा त्यावरून दोघींचं मोठ्यानं वाजलं. चूक कापणारीची की रेघ मारणारीची, हे ठरलंच नाही; मुबीननं संध्याकाळी येऊन गॅरेजमधल्या कानशीनं ते घासलं. पहिल्या दिवशी कोंबड्या आत जाईनात. काबरी भिंतीवर जाऊन बसली आणि भिंतीपलीकडच्या पीं-पीं आवाजाला मान वाकडी करून बघत राहिली. ताजुन्निसानं तिला पकडून आत कोंबलं. नंतर सवय झाली. एकदा सकाळी भिंतीच्या कडेला माती उकरलेली दिसली, पण जाळी जागच्या जागी होती. गवराबाई येऊन ते बघून गेली आणि पुढच्या बाजारातून स्वतःसाठी दोन पिल्लं घेऊन आली. "तुमच्यातच राहू द्या," म्हणाली. "जागा तर लई हाय."

खोलीचं मात्र काही बदललं नाही. पडदा तोच, अडचण तीच. मुबीन दुसरी जागा बघू म्हणायचा. रुबीना कधी चिडायची, कधी चिडायची नाही.

प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसत होता. ठेकेदारानं जागा दिली, पण लाइन बदलली. नव्या लाइनवरच्या बायका ओळखीच्या नव्हत्या. संध्याकाळी पाय सुजून यायचा. ताजुन्निसा तेल कोमट करून ठेवायची, पण चोळून देताना उठून परसात दोन चकरा मारून यायचीच.

अशाच एका रविवारी इम्तियाज आला. गावची बाजरी आणि लसणाची जुडी घेऊन आला. रुबीनाच्या पायाची चौकशी केली, मुबीनशी गाड्यांचं बोलला, आणि मग मागच्या दारात जाऊन उभा राहिला. ताजुन्निसा खुराड्यापुढं बसून कण्या टाकत होती.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"व्हय."

"अम्मी, चल आता. हिचा पाय बरा झाला."

आत ओट्याशी रुबीनाच्या हातातला चमचा थांबला. दीड महिन्यापूर्वी हेच वाक्य ऐकायला ती आसुसली असती. आता तिचे कान मागच्या दाराकडं लागले, आणि ती स्वतःवरच वैतागली. चहा उतू गेला. तिनं गॅस बारीक केला, पातेलं बाजूला घेतलं, पण ओटा पुसला नाही. पुसायचा आवाज नको होता.

"उरसाला येईन," ताजुन्निसा म्हणाली. "दोन दिवस राहीन."

"दोनच दिवस?"

"पाव्हणी म्हणून येईन. पाव्हण्यांनी जास्त राहू नये."

इम्तियाज चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं मला."

"लागलं," ताजुन्निसा म्हणाली. एवढंच. मग उठली, हात झटकले आणि म्हणाली, "चहा घे. थंड हुईल."

तो चहा घेऊन गेला. मुबीन त्याला वळणापर्यंत सोडायला गेला. रुबीना ओटा पुसत होती. सासू शेजारी येऊन उभी राहिली.

"तू सांग," ताजुन्निसा म्हणाली. "आता इचारतीय. राहू का?"

"राहा," रुबीना म्हणाली. मग, मनात होतं तेही बोलून टाकावं म्हणून म्हणाली, "पण माझी भांडी हलवू नका अम्मी. रोज नवीन जागा. सकाळी शिफ्टला निघताना मला काही सापडत नाही."

"ते मला जमायचं न्हाई," ताजुन्निसा म्हणाली. "हात राहत न्हाई माझा. दुसरं कायबी सांग."

सोमवारी पहिली शिफ्ट होती. रुबीना अंधारातच उठली आणि चहाचं पातेलं शोधायला लागली. फळीवर नव्हतं, ओट्याखाली नव्हतं, मोरीत नव्हतं. कंपनीच्या बसचा हॉर्न वळणावर वाजला. ती चडफडत चपला घालून तशीच निघाली. दुखऱ्या पायावर जोर न देता, अर्धं पळत, अर्धं लंगडत. मागून दारात उभी राहून ताजुन्निसा ओरडून सांगत होती पातेलं कुठं ठेवलंय ते, पण बसनं दार उघडलं होतं आणि रुबीनानं पायरीवर पाय ठेवला होता.